दिव्याखाली अंधार

सॅन डिएगो पॅड्रेस या बेसबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा रात्रीचा सामना बहुतेक वेळा तिथल्या घड्याळात सहा चाळीसला सुरू होतो. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात दहा झालेले असतात. हे गणित मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण माझी काही वर्षं त्या वेळेच्या आगेमागेच गेली. हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये मी एका अमेरिकन टीव्ही कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायची. दक्षिण कॅलिफोर्निया आमच्या टीमकडे होतं. पावणेसातला फ्लोअर सुस्तावलेला असायचा; कुणी चहाला गेलेलं, कुणी कॅब कुठवर आली ते विचारतंय. सात वाजत आले की बोर्डावरचा क्यूचा आकडा लाल व्हायचा. तिकडे माणसं ताट घेऊन टीव्हीपुढे बसलेली असायची आणि सामन्याच्या जागी पडद्यावर एक पाटी असायची: हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही.

एका संघाचे हंगामात १६२ सामने होतात, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज. क्रिकेटचा दौरा संपला की चार दिवस जीव निवांत होतो, इथे ती सोय नाही. त्यामुळे तक्रारही रोजची, आणि बऱ्याचदा माणूसही तोच. काही जणांना मी नाव सांगायच्या आत आवाजावरून ओळखायला लागले होते.

तक्रार साधारण एकाच वळणाची असायची. मेजर लीग बेसबॉलचं स्वतःचं स्ट्रीमिंग आहे, एमएलबी टीव्ही. हंगामाचे दीडशे डॉलरच्या आसपास भरून ग्राहकाने ते घेतलेलं असायचं. लीगमध्ये तीस संघ. हा गृहस्थ राहतो सॅन डिएगोत, पॅड्रेसचा पक्का भक्त, आणि त्याला बोस्टन दिसतं, शिकागो दिसतं, मायामी दिसतं. दिसत नाहीत ते फक्त पॅड्रेस. ज्या एका संघासाठी त्याने खिशात हात घातला, तेवढाच वगळून सगळा बाजार त्याच्यासमोर मांडलेला.

नियम असा आहे. लीगने प्रत्येक संघाला एक इलाखा तोडून दिलेला आहे. त्या इलाख्यात सामने दाखवायचा हक्क संघ स्वतः विकतो. घेणारा प्रादेशिक क्रीडा चॅनल एकाच अटीवर मोठी रक्कम मोजतो: इथे दुसरं कुणी दाखवायचं नाही. ती अट लीगच्या स्वतःच्या स्ट्रीमिंगलाही लागू. म्हणून संघाच्या घरातच ते बंद पडतं. सामना संपल्यावर साधारण दीड तासाने तोच सामना त्याच ॲपवर उघडतो, पण तोवर शेजाऱ्याने निकाल ओरडून सांगितलेला असतो.

इलाखे आखणाऱ्याने नकाशा समोर ठेवला होता का, अशी शंका यावी अशी त्यांची आखणी. लास वेगासमधला माणूस त्या काळात सहा संघांच्या इलाख्यात मोडायचा: डॉजर्स, एंजल्स, पॅड्रेस, जायंट्स, ए'ज आणि डायमंडबॅक्स. यातलं सॅन फ्रान्सिस्को त्याच्यापासून रस्त्याने नऊशे किलोमीटरवर. आयोवाचं तर विचारूच नका. त्या राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, तरी तिथल्या प्रेक्षकावर आजूबाजूच्या सहा संघांनी हक्क सांगितलेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवलं आणि ती सवलत बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. अशा मोकळीकीत वाढलेला धंदा ग्राहकाला विचारून इलाखे कशाला आखेल?

ही सगळी रचना उभी होती ती केबलच्या पॅकेजवर. क्रीडा चॅनल सुटा विकत मिळत नसे, तो गठ्ठ्यातच यायचा. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये आयुष्यात न उतरलेले आजोबाही मेंटेनन्समधून त्याचे पैसे भरतात ना, तसंच. बेसबॉल न बघणाऱ्या लाखो घरांतून दरमहा काही डॉलर त्या चॅनलला जायचे, चॅनलकडून संघाला, संघाकडून खेळाडूंच्या कोट्यवधींच्या करारांना. लोकांनी केबल सोडून नेटफ्लिक्सची वाट धरल्यावर पहिलं भगदाड इथे पडलं.

आई साताऱ्याहून फोनवर विचारायची, "अगं, टीव्ही आहे, पैसे भरलेत, मग दिसत का नाही?" तिला पटवणं मला अमेरिकन ग्राहकाला पटवण्यापेक्षा अवघड गेलं. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. भारताचा सामना दूरदर्शनवर दिसणार हे तिच्या पिढीने गृहीतच धरलेलं. शिवाय तिच्या लेखी सामना म्हणजे देशाचा. अमेरिकेतला बेसबॉल गावाचा असतो. सॅन डिएगो हे नौदलाचं शहर, म्हणून पॅड्रेस रविवारी घरच्या सामन्याला लष्करी छद्मवेषाच्या नक्षीचे शर्ट घालतात. टोनी ग्विन वीस वर्षं याच एका संघाकडून खेळला, .३३८ ची सरासरी ठेवून गेला, आणि आजही तिथे त्याला मिस्टर पॅड्रे म्हणतात. इतकी गावकी असलेला खेळ गावातच दिसू नये, हे आईला काय, मलाही बरेच दिवस पचलं नाही.

फ्लोअरवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता, त्यामुळे ज्या सामन्याबद्दल आम्ही तासन्‌तास बोलायचो तो आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. मग सोलापूरच्या एका सहकाऱ्याने हौसेने एमएलबी टीव्ही घेतलं. सुट्टीच्या सकाळी वाकडला त्याच्या खोलीवर आम्ही पोहे खात बसलो होतो, आणि त्याच्या लॅपटॉपवर पॅड्रेसचं मैदान, पेटको पार्क, स्वच्छ दिसत होतं. पॅड्रेस फलंदाजीला. थेट. भारत कुठल्याच संघाच्या इलाख्यात येत नाही, म्हणून इथे अडवणारं कुणी नाही. आदल्या सकाळी चूला व्हिस्टाच्या एका निवृत्त नौसैनिकाची मी याच संघासाठी समजूत काढली होती. पेटको पार्क त्याच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. "ताई, आपणच त्याला फोनवर कॉमेंट्री द्यायला हवी," सोलापूरकर म्हणाला. हसलो खरे, पण त्यात लीगच्या कारभारावरची सगळी टीका येऊन गेली.

त्यानंतर माझी काम करायची पद्धत बदलली. स्क्रिप्टप्रमाणे आधी बॉक्स बंद करून चालू करायला सांगायचं, मग वायफाय तपासायचं, मग एरर कोड लिहून घ्यायचा. यात पाच-सहा मिनिटं जायची, आणि पाटीवर तर स्पष्ट लिहिलेलं असायचं की दोष यंत्राचा नाही. मी पहिला प्रश्न झिपकोडचा विचारायला लागले. दुसरा, आज वार कोणता? तिसरा, केबल आहे की नुसतं इंटरनेट? या तीन उत्तरांत दहापैकी नऊ फोन सुटायचे. उरलेला एक असायचा तो इंटरनेटच्या पत्त्याचा. स्ट्रीमिंगवाले तुम्ही कुठे आहात हे बऱ्याचदा जोडणीच्या पत्त्यावरून ठरवतात, आणि कधी तो पत्ता भलत्याच शहराचा निघतो. मग शेजारच्याला दिसतं आणि यांना दिसत नाही. व्हीपीएन वापरू का, असं हळूच विचारणारे पुष्कळ होते. ते लीगच्या अटींत बसत नाही, एवढंच उत्तर आम्हाला देता यायचं.

कॉलची गुणवत्ता तपासणाऱ्या क्यूएवाल्यांना माझी पद्धत आवडली नाही. स्क्रिप्टचा क्रम मोडला म्हणून गुण कापले जायचे. माझा सरासरी कॉलचा वेळ मात्र खाली आला, म्हणून टीम लीडने डोळेझाक केली. कॉल सेंटरमध्ये आकडा बोलतो.

म्हातारे ग्राहक इतिहास सांगायचे, आणि तो ऐकण्यासारखा होता. १९९७ पासून पॅड्रेसचे सामने स्थानिक केबल कंपनीच्या चॅनल फोरवर असत. तो चॅनल सॅटेलाइटवाल्यांना दिलाच जात नसे. छतावर छत्री लावणाऱ्याने पॅड्रेस विसरावेत. २०१२ मध्ये हक्क फॉक्सच्या नव्या चॅनलकडे गेले, वीस वर्षांच्या करारावर. आता सॅटेलाइटवाल्यांना दिसायला लागलं, तर तिथल्या दुसऱ्या एका मोठ्या केबल कंपनीचं दराचं जमेना, आणि तिच्या ग्राहकांचे दोन हंगाम कोरडे गेले. पुढे फॉक्सची प्रादेशिक चॅनलं सिंक्लेअरने घेतली आणि २०२१ मध्ये त्यांच्यावर बॅली स्पोर्ट्स ही पाटी लागली. दर खेपेला कुणाला तरी दार उघडलं आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बंद झालं. लॉस एंजेलिसला तर याहून वाईट घडलं. डॉजर्सचा चॅनल २०१४ मध्ये सुरू झाला आणि तो बहुतेक मोठ्या सेवांवर यायला २०२० साल उजाडलं. १९५० पासून डॉजर्सचं समालोचन करणारे विन स्कली २०१६ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे शेवटचे हंगाम त्यांच्याच शहरातल्या अर्ध्याहून अधिक घरांत पोचले नाहीत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आमच्या फ्लोअरवर दिवाळी आणि शिमगा एकदमच आले. हंगामात १११ सामने जिंकलेल्या डॉजर्सना पॅड्रेसनी मालिकेत ३-१ असं हरवलं. फोनवर माणसं रडत होती, हसत होती, आणि तरीही भांडत होती. कारण बाद फेरीचे सामने राष्ट्रीय चॅनलांच्या मालकीचे. तिथे स्थानिक चॅनलला जागा नाही. म्हणजे डॉन ओर्सिलो आणि मार्क ग्रँट गायब. ग्रँट पूर्वी पॅड्रेसकडून गोलंदाजी करायचा, त्याला सगळे मड म्हणतात. ही जोडी वर्षभर यांच्या घरात बोललेली, आणि सणाच्या दिवशी तिसराच कुणी पाहुणा येऊन माइक धरून बसला. चॅनल चालू होता, चित्र स्वच्छ होतं, आवाज येत होता, तरी लोक फोन करून म्हणत होते, यात काहीतरी बिघडलंय. या तक्रारीसाठी आमच्याकडे कोडच नव्हता. आम्ही ती 'इतर'मध्ये टाकायचो.

मग आलं २०२३. बॅलीची चॅनलं चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने १४ मार्चला दिवाळखोरीसाठी अर्ज केला. हंगाम तोंडावर होता, आणि उद्या सामना दिसेल का याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. क्लायंटकडून रोज एक ईमेल यायचा, त्यात काल जे सांगा म्हटलं ते आज सांगू नका असं लिहिलेलं असायचं. पॅड्रेसना वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलर मिळत असल्याचं वर्तमानपत्रांतून छापून येत होतं. मे महिन्यात त्यातला एक हप्ता डायमंडने चुकवला, वाढीव मुदतही ३० मे रोजी संपली, आणि ३१ मे पासून प्रक्षेपण लीगने स्वतःच्या हातात घेतलं. लीगने असं करण्याची ही पहिलीच वेळ.

पॅड्रेस तेव्हा मायामीत खेळत होते. आमच्याकडे १ जूनची पहाट. त्या शिफ्टसाठी रजा रद्द केलेल्या होत्या. चॅनल नंबर बदललेले, तेही प्रत्येक कंपनीचे वेगळे. आमच्यासमोर घाईघाईने तयार केलेला तक्ता आणि कानात सॅन डिएगोची दुपार. पहिला चेंडू पडण्याआधीच क्यू तुंबला. मला वाटलं होतं, लोक पैशांचं विचारतील. म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न निराळाच निघाला: डॉन आणि मड राहणार का? राहणार आहेत, असं सांगितलं की पलीकडून सुस्कारा ऐकू यायचा, आणि मग नंबर लिहून घ्यायला पेन शोधायला लागायचे. एका बाईंनी मला चॅनल सापडेपर्यंत फोनवर थांबवून ठेवलं. चित्र आलं तशा त्या समोरच्या स्क्रीनवरच्या मंडळींशीच बोलायला लागल्या, मला विसरल्याच. मी थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग कॉल बंद केला. क्यूएने त्याचे गुण कापले की नाही, मी पाहिलं नाही.

पहिले काही दिवस लीगने सामने फुकट दाखवले. मग स्थानिक प्रेक्षकासाठी महिना १९.९९ डॉलर असा दर ठेवला: केबल नको, छत्री नको, नुसतं इंटरनेट पुरे. सॅन डिएगोत राहणाऱ्याला राजमार्गाने पॅड्रेस स्ट्रीम करायला मिळाले ते असे. लीगच्या म्हणण्याप्रमाणे सामना पोचू शकेल अशी घरं अकरा लाखांच्या आसपास होती, ती बत्तीस लाखांवर गेली. आमच्या चूला व्हिस्टाच्या नौसैनिकाने फोन केला तो फक्त एवढंच सांगायला की दिसलं. असा फोन कॉल सेंटरमध्ये विरळा.

यात संघाचं नुकसान आहे, हे खरं. त्या वर्षी लीगने जुन्या कराराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत हमी दिली, पण अशी हमी काही कायमची नसते. बेसबॉल न बघणाऱ्या घरांकडून येणारा पैसा आटला की खेळाडूंचे पगार बघणाऱ्यांच्याच खिशातून काढावे लागतात. तरीही मला हा बदल न्याय्य वाटतो. ज्याला बघायचंय त्याने पैसे द्यावेत आणि त्याला दिसावं, एवढा साधा व्यवहार या धंद्याला जमायला वीस वर्षं लागली. लीगने पहिला सामना इंटरनेटवर थेट दाखवला तो २६ ऑगस्ट २००२ ला, यांकीज विरुद्ध रेंजर्स. तंत्र तेव्हापासून हाताशी होतं. अडलं होतं ते करारांच्या कागदावर. त्याच हंगामात डायमंडबॅक्स आणि पुढच्या हंगामांत रॉकीज, ट्विन्स, गार्डियन्स हेही याच वाटेने आले, आणि बॅलीची पाटी ऑक्टोबर २०२४ मध्ये उतरून तिथे फॅनड्युएलची लागली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पॅड्रेसचं स्थानिक पॅकेज घेतलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी फोन करायचा आणि मी वार विचारताच गप्प व्हायचा. २०२२ पासून शुक्रवारचे दोन सामने ॲपलकडे असतात. त्यात पॅड्रेस असले की तुमच्या पॅकेजवर ते नाहीत. शनिवारी फॉक्स मधे येऊ शकतं. रविवार रात्र १९९० पासून ईएसपीएनची होती, ती २०२६ पासून एनबीसी आणि पीकॉककडे गेली. त्याच वर्षीच्या हंगामाचा सलामीचा सामना नेटफ्लिक्सने घेतला. इलाख्याची भिंत पडली आणि तिच्या विटा वारांनुसार वाटल्या गेल्या. १६२ पैकी सगळे सामने बघायचे म्हटले तर चार-पाच ठिकाणी पैसे भरावे लागतात, आणि हे मी एका निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला हसऱ्या आवाजात सांगायचं, अशी क्लायंटची अपेक्षा.

म्हणून मी रेडिओ सांगायला लागले. सॅन डिएगोत ९७.३ एफएमवर पॅड्रेसचं समालोचन लागतं, गाडीत, स्वयंपाकघरात, कुठेही, आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्क्रिप्टमध्ये रेडिओ नव्हता. त्यात विकण्यासारखं काही नाही. ज्यांनी बालपणी बेसबॉल कानानेच ऐकला होता, त्यांना तो पर्याय कमीपणाचा वाटला नाही. तरुण मात्र विचारायचे, रेडिओ म्हणजे कुठलं ॲप?

मी ती नोकरी सोडली. आता रात्री झोपते. तरी क्वालकॉममध्ये नाहीतर तिथल्या औषध कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलांकडे सॅन डिएगोला निघालेले ओळखीचे आईबाबा अजून मला विचारतात, नातू बेसबॉल बघतो, त्याच्यासाठी काय घेऊन देऊ? त्यांच्यासाठी लिहून ठेवते. भारतातून एमएलबी टीव्ही घेऊन जाऊ नका. तिथे विमानतळावर उतरलात की त्यावर पॅड्रेस बंद. तिथे पोचल्यावर घराचा झिपकोड टाकून बघा आणि पॅड्रेसचं स्थानिक पॅकेज महिन्यापुरतं घ्या, वर्षाचं नको. घरात केबल असेल तर काहीच घेऊ नका, आधी तिचा चॅनल नंबर विचारा. शुक्रवारी ॲपल तपासा. आणि कॉल सेंटरला फोन लावायची वेळ आलीच, तर पहिल्याच वाक्यात सांगा की बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला आहे. दोघांचीही पाच मिनिटं वाचतात.